सूल्वानताईंनी निवडलेला कंप्युटर

"म्हणजे खाऊचं पाकीट ठेवता यावं म्हणून कंप्युटर निवडायचा?"

"मी सात मुद्दे लिहिलेत, पोयेन. पाकीट सातवा मुद्दा आहे. तू वाचायला खालून सुरुवात केलीस."

"पण लिहिलंयस ना, मावशी! हे बघ. 'वरचं झाकण बंद आणि सपाट हवं. पाकीट उभं राहिलं पाहिजे.' बाबा, ऐका हो, ऐका! तैपेईत हे कुणाला सांगितलं असतं तर लोक खुर्चीवरून पडले असते."

"तैपेईतल्या खुर्च्या हलक्या असतील."

मी हसले. मालक हसले नाहीत, त्यांनी चहाच्या किटलीत पाणी ओतलं. आमच्या मालकांची ही सवयच होती. भांडण सुरू झालं की ते चहा करायला घेत.

"पहिला मुद्दा वाच," ताई म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. पाठीमागे किती वायरी लागतात ते वाच."

"वायरींचं काय घेऊन बसलीस? एक जोडपट्टी आणली की दहा वायरी लागतात."

"आणि सैल होतात. कार्ड वाचायचं यंत्र सैल झालं की सहीच होत नाही. मग पहिल्यापासून सगळं भरा. तू भरणार आहेस? तुला कागदाचा चौथा रकाना कशाचा असतो ते तरी माहीत आहे का?"

"मावशी, तू चिडू नकोस ना."

"मी चिडलेली नाही. चिडले की तुला कळेल."

पण त्या चिडल्या होत्या. त्यांच्या डाव्या कानाची पाळी लाल झाली होती. शेजारच्या टेबलावर आठ वर्षं बसून मला त्या कानाची पाळी वाचता येत होती.

आमचं ऑफिस युआनलिनमध्ये, जमीन नोंदणी कचेरीच्या अगदी समोर. काम म्हणजे लोकांच्या जमिनीचे आणि घरांचे कागद करून द्यायचे. बापानं मुलीला दिलेली जमीन, भावाभावांतली वाटणी, मेलेल्या आजीच्या नावावरून उतरवायचं घर. मालक चान यांचं नाव पाटीवर, कागद सूल्वानताईंच्या हातचे, आणि रस्ता ओलांडून ते कचेरीत दाखल करायची ती मी. मला सगळे युन म्हणतात.

यौ सूल्वान या ऑफिसात आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. वडील डोंगराच्या पायथ्याशी फळं साखरेत मुरवायच्या शेडमध्ये कामाला होते. हातांना कायम आलुबुखारचा वास. मुलीला टेबलखुर्चीची नोकरी लागली म्हणून त्यांनी म्हशीच्या शिंगाचा शिक्का कोरून आणला. बोटाएवढा, काळा, टोकाला तिच्या नावाची तीन अक्षरं. आमच्याकडे असा शिक्का म्हणजेच सही. त्या काळी सगळे अर्ज हातानं लिहीत आणि ताईंचं अक्षर इतकं वळणदार होतं की समोरच्या कचेरीतले कारकून कागद हातात आला की नाव न बघताच म्हणत, चानकडचा दिसतोय. मग टंकयंत्र आलं, मग कंप्युटर आला, आणि ते अक्षर कुणाला दिसेनासं झालं. ताईंनी लग्न केलं नाही. आईचं आजारपण निस्तरलं, भावाची मुलं शिकवली, आणि तेहेतीस वर्षं त्याच खुर्चीत बसल्या. मालकांचा मुलगा पोयेन शाळेतून आला की त्यांच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायचा. गणितं ताईच सोडवून द्यायच्या.

"सूल्वान घरचीच आहे," मालक येईल त्याला सांगत. घरची म्हणजे काय, ते मला हळूहळू कळत गेलं. घरची म्हणजे जिला विचारावं लागत नाही ती.

म्हणूनच त्या दिवशी मालक जे बोलले त्याचं ताईंना एवढं अप्रूप वाटलं. अकरा वर्षांचा जुना कंप्युटर, टेबलाखालचा तो मोठा काळा डबा, एका सकाळी घरघरला आणि गप्प झाला. दुरुस्तीवाल्यानं मान हलवली. मालक म्हणाले, "सूल्वान, नवीन घ्यायला लागणार. त्याच्यावर तू बसतेस, तूच निवड. फक्त लहान घे. हा राक्षस नको आता."

तूच निवड! तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. टेबल, खुर्ची, पंखा, भिंतीचा रंग, जेवणाचा डबा कुठून मागवायचा, काहीही त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ताईंनी तीन आठवडे घेतले. पहिल्या दिवशी त्या जुन्या डब्यामागे जमिनीवर आडव्या झाल्या आणि वायरी मोजल्या. "युन, लिहून घे. कीबोर्ड, माऊस. कार्ड वाचायचं यंत्र. साधा प्रिंटर. तीन प्रतींचे कागद काढणारा तो खडखड्या प्रिंटर, त्याची वायर रुंद आहे, ती दुसऱ्या कशात जात नाही. स्कॅनर. स्क्रीन दोन, एकावर जमिनीचा उतारा, एकावर अर्ज. जास्तीची नक्कल ठेवायची डबी. इंटरनेट." धूळ झटकत उठल्या आणि म्हणाल्या, "दहा. जो दुकानदार विचारेल की बाई कशासाठी हवाय, त्याला मी दहा म्हणणार."

शनिवारी मला घेऊन त्या ताइचुंगला गेल्या. पर्समध्ये शिवणाची टेप. दुकानातल्या पोरसवद्या विक्रेत्यानं आम्हाला बघितलं आणि सरळ काचेच्या, आतून निळे-जांभळे दिवे लुकलुकणाऱ्या डब्याकडे नेलं.

"मावशी, हे बघा. सगळ्यात जोरदार."

"दिवे कशाला?"

"दिसायला."

"मला काय देवाची मिरवणूक काढायचीये? बंद ठेव ते. मी अर्ज भरते, चित्रं बघते, चिकटवते, छापते. एका वेळी वीस-पंचवीस खिडक्या उघड्या असतात. मला सांग, मेमरी किती लागेल?"

त्यानं जरा नीट उभं राहून सांगितलं, सोळा. ताईंनी लिहून घेतलं. डिस्क फिरणारी नको, गार राहणारी हवी. खेळांचा महागडा भाग नको. मग त्यांनी त्याला एकामागून एक आठ यंत्रं खाली काढायला लावली, उलटी केली, पाठी मोजल्या, टेप लावली, चालू करून कान लावला. अगदी छोटी, तळहातावर मावणारी यंत्रंही होती. ती ताईंनी हातात घेतली आणि परत ठेवली.

"का?" मी विचारलं. "किती गोड दिसतंय."

"याला नाक टाळूवर आहे," त्या म्हणाल्या. खरंच, वरचं झाकण म्हणजे नुसती जाळी होती. "गरम हवा वरून सोडतो. आपल्याकडे वर पाकीट ठेवायचं. शिवाय वायरी मागे चारच. घरी पत्र लिहिणाऱ्याला ठीक आहे."

पाकिटाचं काय सांगू? आमच्याकडे ते नसलेलं मशीन मी पाहिलेलं नाही. दवाखान्यात, बँकेत, तिकिटाच्या खिडकीत, मशीन दिसलं की त्याच्यावर ते मक्याच्या, नारळाच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट असतंच. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच हवं, पिवळं नको. तारीख उलटलेलं नको. आणि ते फोडून खायचं तर नाहीच नाही. ताई पाकिटावर काळ्या पेनानं एक ओळ लिहीत. जुन्या डब्यावर शेवटचं होतं त्यावर लिहिलं होतं, "दमला असशील, पण उन्हाळा तेवढा काढ." आणि त्यानं उन्हाळा काढला होता, हे मी शपथेवर सांगते. पाकिटावर विश्वास होता की नव्हता हे ताईंना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, दात घासण्यावर विश्वास ठेवावा लागतो का?

शेवटी त्यांनी जो निवडला तो जाडजूड शब्दकोश उभा करून ठेवावा एवढा होता. पुढून हवा घेणारा, मागून सोडणारा. पाठीमागे दहा जागा, त्यात ती रुंदही एक. झाकण बंद, सपाट. आवाज नाही. ताईंनी घरी जाऊन सात मुद्दे स्वच्छ कागदावर लिहून काढले. हातानं. कागदभर लिहिलेलं ते अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. समोरच्या कारकुनांना ते का कळायचं ते मला त्या दिवशी समजलं.

आणि पोयेननं तो कागद खालून वाचायला सुरुवात केली.

पोयेन तैपेईहून परत येऊन चार महिने झाले होते. तिथलं काय बिनसलं कुणी बोलत नव्हतं. इथे आल्यावर त्यानं पाटीचा रंग बदलला, दारात बांबूची कुंडी ठेवली, आणि आता त्याला ऑफिस "स्वच्छ दिसायला" हवं होतं.

त्या दिवशी मालकांनी दोन पेले चहा ओतला आणि निकाल दिला. "सूल्वान, हा आजकालचा मुलगा आहे, त्याला यातलं कळतं. बघू दे त्याला."

"तुम्ही मला सांगितलं होतं," ताई म्हणाल्या.

"सांगितलं होतं ना. तू निवडलास ना. आता तो बघेल."

ताईंनी पुढे केलेला कागद पोयेननं टेबलावर ठेवला. त्याच्या थंडगार दुधाच्या चहाचं ग्लास घामेजलं होतं, ते त्यानं त्या कागदावर ठेवलं. पाचव्या मुद्द्यावर गोल डाग उठला. मी पाहिलं, ताईंनी पाहिलं. 

चार दिवसांनी तळहाताएवढा कंप्युटर आला.

दिसायला सुंदर होता, खोटं कशाला बोलू? पोयेननं काउंटरखाली लाकडी पट्ट्यांचं एक छोटं कपाट करून घेतलं, त्यात यंत्र, जोडपट्टी आणि वायरींचा सगळा गुंता कोंबला, दाराला कुलूप लावलं. "समोरून काही म्हणजे काही दिसता कामा नये," तो म्हणाला. किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोरीत. खडखड्या प्रिंटरची रुंद वायर कशातच जाईना, म्हणून तो प्रिंटर माळ्यावर गेला आणि तीन प्रतींचे कागद ताई तीनदा छापू लागल्या. त्यांनी नवीन हिरवं पाकीट आणलं होतं, ते स्क्रीनशेजारी उभं केलं.

"मावशी, हे इथे नको. लोक हसतात."

"कोण हसलं?"

"मी हसतोय ना."

त्यानं पाकीट उचलून त्यांच्या हातात दिलं. ताईंनी ते खणात ठेवलं आणि खण असा बंद केला की मालकांच्या किटलीचं झाकण हललं.

पहिल्याच आठवड्यात ते दुपारी एकदा बंद पडलं. काळी स्क्रीन. पोयेन म्हणाला, "सुरुवातीला होतं असं." दुसऱ्या आठवड्यात रोज एकदा. तिसऱ्या आठवड्यात दिवसातून तीनदा. गंमत म्हणजे सकाळी ते गुणी बाळासारखं असायचं आणि दहा वाजले की अंगात यायचं.

"काय दाबलंस, मावशी?"

"काही नाही. नाव लिहीत होते."

"एवढ्या खिडक्या एकदम उघडत जाऊ नकोस ना. एक बंद कर, मग दुसरी उघड."

"उतारा बघितल्याशिवाय नंबर कसा लिहू? डोळे मिटून?"

"माझ्या लॅपटॉपवर तर कधी बंद पडत नाही."

"तू त्याच्यावर करतोस काय?"

मालक चहाला उठले.

एकदा ताईंनी काउंटरच्या दारावर हात ठेवला आणि मला बोलावलं. "हात लाव इथे." लाकूड गरम होतं. "आत सारणाचे बाव वाफवता येतील," त्या म्हणाल्या. "पोयेन, कुलूप काढ, दार उघडं ठेवू."

"उघडं? मग कपाट कशाला केलं? मावशी, प्रत्येक गोष्टीत तुझं नाही म्हणणं काढू नकोस. वय झालं की नवीन गोष्ट हाताला बसायला वेळ लागतो, त्यात लाज कसली?"

वय झालं! टेबलाखाली बसून जिच्याकडून भागाकार शिकला तिला!

मग न्येन आजोबांचा दिवस आला.

न्येन आजोबा एक्याऐंशी वर्षांचे, समुद्राकाठच्या गावचे, कालवांची शेती करून हातांची सालं गेलेले. वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा त्यांना दोन मुलींच्या नावे करायचा होता. गावात नाकं मुरडली जात होती, जमीन मुलींना कशाला म्हणून. म्हणून आजोबांनी देवळातल्या मुहूर्तवाल्याकडून दिवस काढून घेतला होता. चार महिने थांबले होते त्या दिवसासाठी. सकाळी नऊ ते अकराच्या आत अर्ज खिडकीत पडला पाहिजे, म्हणजे मुलींच्या नावाला नाट लागणार नाही. ते आठ वाजता नवा शर्ट घालून आले, दोन्ही मुली बरोबर, आणि आमच्या बाकावर ताठ बसले.

शेवटचे आकडे त्याच दिवशीच्या उताऱ्यावरून घ्यायचे होते. त्या दिवशी दहाची वाटही न बघता नऊ वीसलाच यंत्र बंद पडलं. ताईंनी पुन्हा चालू केलं, पुन्हा भरलं. नऊ पन्नासला बंद पडलं. पोयेन तैपेईतल्या मित्राला फोन लावायला बाहेर गेला. दहा वीसला ते छपाईच्या मध्येच गेलं, अर्ध्या कागदावर काळी रेघ ओढून.

आजोबांनी घड्याळ बघितलं. मोठी मुलगी म्हणाली, "बाबा, पाणी घ्या." ते म्हणाले, "मला पाणी नको. मला अकरा नको."

ताईंनी कीबोर्ड बाजूला सारला. खणातून कोरा अर्ज काढला, पेन काढलं, आणि लिहायला लागल्या. हातानं. मालकांनी "अगं सूल्वान" म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. मी शेजारी उभी राहून माझ्या फोनवर उतारा धरला, एकेक आकडा वाचत गेले. चुकलं तर खोडाखोड, खोडाखोड झाली तर त्यावर सगळ्यांचे शिक्के. ताई एकदाही चुकल्या नाहीत. शेवटचा शिक्का उठला तेव्हा अकराला चार मिनिटं होती. मी धावले. सिग्नल लाल होता, तरी धावले. खिडकीपुढे दोन माणसं होती, मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. अर्ज खिडकीत पडला तेव्हा वरच्या घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

तीन मिनिटं. परत येऊन मी ते आजोबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. मुलींकडे बघत म्हणाले, "आता काही झालं की गाव म्हणणार, वेळ चुकली." मग मालकांकडे वळले. "चान, लिहून द्या मला. चूक कुणाची, ते कागदावर लिहून द्या. माझी नव्हे आणि माझ्या पोरींची नव्हे. ते मी गावात दाखवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र तयार होतं. पोयेननं लिहिलं होतं, स्वतःच्या लॅपटॉपवर. मालकांनी ते ताईंच्या टेबलावर ठेवलं.

ताईंनी मोठ्यानं वाचलं. "'आमच्या कर्मचारी यौ सूल्वान यांना नवीन यंत्र हाताळण्याचा सराव नसल्यामुळे झालेल्या चुकीबद्दल...' हे काय आहे, मालक?"

"अगं, नुसता कागद आहे. म्हाताऱ्या माणसाचं समाधान. खाली तुझा शिक्का मार, केकचा एक डबा घेऊन मी जातो."

"मी चूक केलेली नाही."

"कुणी म्हणतंय का? आपल्या घरातली गोष्ट आहे ही."

"इथे लिहिलंय. चुकीबद्दल. माझ्या नावाखाली. हा कागद गावभर फिरणार आहे."

"मावशी, ऑफिसची चूक म्हटलं तर ऑफिसचं नाव जातं," पोयेन म्हणाला. "माणसाची चूक लोक विसरतात."

"मग तुझं नाव घाल. विसरतील."

पोयेन फोनमध्ये बघायला लागला. मालकांनी उसासा टाकला आणि आपल्या खणातला शिक्क्यांचा ट्रे बाहेर काढला. आमचे सगळ्यांचे शिक्के त्या ट्रेमध्ये असायचे. रोजच्या पन्नास कागदांवर कोण कुणाला उठवणार म्हणून मालकच उठवायचे. मालकांचा, माझा, आणि कडेला तो म्हशीच्या शिंगाचा. तेहेतीस वर्षं तो तिथेच होता.

"बरं, तू नको मारूस," मालक मऊ आवाजात म्हणाले. "मीच मारतो. रोज मारतोच की."

त्यांनी शिक्का उचलला. लाल शाईच्या डबीचं झाकण उघडलं.

ताईंनी ट्रेवर हात आपटला. दुसऱ्या हातानं त्यांनी मालकांचं मनगट धरलं. या ऑफिसात त्यांनी कुणाला हात लावलेला मी पाहिलेला नव्हता.

"आधी कपाट उघडा," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "ते यंत्र आत शिजतंय. तुम्ही स्वतः हात घालून बघा. मग सांगा मला, सराव कुणाला नाही."

"काही नाहीये आत," पोयेन पटकन म्हणाला.

जरा जास्तच पटकन. मालकांनी सुद्धा वर बघितलं. "किल्ली दे."

"बाबा, आत्ता लोक यायची वेळ झाली..."

"किल्ली दे, पोयेन."

त्यानं गळ्यातली दोरी काढली. मीच गुडघ्यावर बसून कुलूप उघडलं. आतून भट्टीसारखी हवा तोंडावर आली, आणि जळक्या नारळाचा गोडसर वास. यंत्र दिसलंच नाही. त्याच्यावर एक हिरवं पाकीट आडवं पसरलेलं होतं, अगदी त्या जाळीवर, आणि त्याच्यावर दुसरं. दोन्ही उष्णतेनं फुगून बेडकासारखी झाली होती.

मी ती बाहेर काढली. हाताला चटका बसला. दोन्हींवर काळ्या पेनानं लिहिलेलं होतं आणि ते अक्षर ताईंचं नव्हतं. ताईंनी माझ्या हातातून पहिलं घेतलं.

"'महिनाभर तरी नीट चाल. बाबांसमोर माझी लाज राख.'" त्या थांबल्या. दुसरं घेतलं. "'मावशीनं कितीही चुकीची बटणं दाबली, तरी बंद पडू नकोस.'"



"बंद पडायला लागलं म्हणून ठेवलं," पोयेन म्हणाला. त्याची मान, कान, सगळं लाल. "एकानं भागेना म्हणून दुसरं ठेवलं. मला काय माहीत, वरून..."

"यादीत होतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "सातवा मुद्दा. तू पहिल्यांदा तोच वाचलास."

आणि मग मालक हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. "अरे गाढवा! नाकपुड्या बंद केल्यास की रे त्याच्या! दोन-दोन!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोयेनही हसला, आधी घाबरत, मग सुटल्यासारखा. बाप मुलाच्या पाठीवर थापा मारत होता. एवढ्या दिवसांत त्या दोघांना एकत्र हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. आणि मला वाटलं, त्या गरम यंत्रानं दोघांची डोकी फोडावीत.

ताई हसल्या नाहीत.

"चला, कारण कळलं," मालक डोळे पुसत म्हणाले. "जीव भांड्यात पडला. सूल्वान, आता हे आजोबांना कसं सांगायचं, तूच सांग. पाकिटानं घात केला म्हणून? सगळा तालुका हसेल. पत्र आहे तसंच राहू दे. तू मनानं मोठी आहेस. तेवढा शिक्का..."

त्यांनी पत्र पुन्हा पुढे सरकवलं.

मी ताईंच्या कानाकडे बघितलं. पाळी लाल नव्हती. पांढरी पडली होती. असं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते वाचता येईना.

त्यांनी मालकांच्या बोटांतून शिक्का काढून घेतला. टोकाला शाई लागली होती, ती त्यांनी त्या पत्राला पुसली, सावकाश, अक्षर उठणार नाही अशी, आडवी लाल रेघ ओढत. शिक्का रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मग पोयेनच्या टेबलाशी गेल्या, आजचं ग्लास उचललं, बाजूला ठेवलं, आणि त्याखालचा आपला सात मुद्द्यांचा कागद काढून घेतला. आता त्यावर डागांची साखळी झाली होती. त्यांनी त्याची घडी घातली. खणातलं हिरवं पाकीट घेतलं, खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर घेतला, पायातल्या ऑफिसच्या चपला काढून बाहेरचे बूट घातले.

"सूल्वान, कुठे निघालीस? अगं, बस. चहा घे." मालकांचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं, पण आवाजात काहीतरी खाली सरकलं होतं. "दुपारी हुआंग बाईंचा कागद आहे, तो कोण करणार? सूल्वान!"

ताई दाराशी पोचल्या. हेल्मेट कोपरात अडकवलं.

"मावशी," पोयेन खुर्चीतून उठला. "मावशी, चुकलं माझं. आपण बदलून घेऊ तो. तुझ्याच यादीप्रमाणे घेऊ, झालं? कोणता घ्यायचा होता तुला, तेवढं तरी सांगून जा!"

सरकतं दार उघडलं, रस्त्याचा आवाज आत आला. ताईंनी वळून बघितलं नाही. स्कूटर सुरू झाली आणि दार आपोआप मिटलं.